फणसाडचं रान, गाणांचं पाणी आणि आपण

रानोमाळ

परीक्षा संपल्या की रायगड जिल्ह्यातल्या काशीद-मुरुडला येणाऱ्या गर्दीतली थोडी माणसं हल्ली फणसाड अभयारण्याकडेही वळू लागली आहेत. इथेही अधूनमधून "फणसाडला काय बघायचं?" अशी विचारणा होते, म्हणून एकदा सविस्तर लिहायला घेतलं.

रेवदंड्याहून कोर्लई, बोर्ली, काशीद करत मुरुडकडे जाताना उजवीकडे समुद्र आणि डावीकडे जो डोंगर साथ सोडत नाही, त्यावरचं हे रान. आत शिरायची मुख्य वाट सुपेगावातून. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, पण रान राखलं गेलं त्याच्या कितीतरी आधीपासून. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांची ही राखीव शिकारीची जागा होती. मुंबईपासून इतक्या जवळ, किनाऱ्याला लागून एवढं सलग रान शिल्लक आहे ते त्या राखणीमुळे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि रान सरकारकडे आलं.

ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी, कुडा, गेळा, सावर अशी मिश्र झाडी आहे. काही भाग पानगळीचा, तर ओढ्याकाठी बाराही महिने हिरवा. बिबट्या आहे, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर, साळिंदर आहे. आणि शेकरू. बरेच जण शेकरूसाठीच येतात, त्यात गैर काही नाही.

पण मला लिहायचं आहे ते गाणांबद्दल. इथे रानातल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात: फणसाडगाण, चिखलगाण, धरणगाण. पावसाळ्यात डोंगरभर पाणी असतं, तेव्हा गाणाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. एप्रिल-मे मध्ये ओढे आटतात आणि आख्ख्या रानाची तहान या थोड्या जागांवर येऊन थांबते. दुपारच्या कडक उन्हात पक्षी येतात: हरियाल, बुलबुल, कोतवाल, वर झाडात तासभर थांबून अंदाज घेत मग खाली उतरणारे. सूर्य कलला की भेकर, मग सांबर. बिबट्या रात्री.

गाणाच्या काठाचा ओला चिखल एकदा वाकून बघा. भेकराचा खूर जेमतेम दोन बोटांएवढा, टोकाला निमुळता. त्याच्याच शेजारी सांबराचा दणदणीत ठसा, त्यात पाणी साचलेलं, आणि त्या पाण्याच्या कडेला मधमाश्या रांगेत बसून पाणी उचलत असतात. जरा पलीकडे ओलसर मातीवर फुलपाखरांचा थवा, पंख मिटून, सोंडा मातीत रुतवून. हे जवळजवळ सगळे नर असतात. मातीतले क्षार ते शोषून घेतात आणि मिलनाच्या वेळी मादीला देतात, तिच्या अंड्यांच्या कामी ते येतात.

आता याच काठावर दहा-पंधरा जणांचा घोळका डबे उघडून बसला तर काय होतं? बाहेरून काहीच दिसत नाही. कुणी प्राणी मारला नाही, कुणी झाड तोडलं नाही. पण वर झाडात थांबलेले पक्षी थांबूनच राहतात. भेकर शंभर पावलांवरून वास घेऊन परततं. त्याला दुसरं पाणी जवळपास नसतं. माणसं दोन तासांनी उठतात तोवर प्यायची वेळ टळलेली असते, आणि मागे साबणाचा फेस व वेफर्सची पाकिटं राहतात.

म्हणून माझी एकच विनंती आहे. उन्हाळ्यात फणसाडला जरूर जा, पण गाणाजवळ बसू नका. लांबून बघा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुढे चला. जेवण प्रवेशद्वाराशी किंवा गावात. त्या पाण्यात हात-पाय धुऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात प्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं दोन्हीला बंदी आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

समुद्रफेणी

छान लिहिलंय. गाण हे नाव माहीत होतं, पण ते एवढं महत्त्वाचं असेल हे लक्षात आलं नव्हतं. गारंबीबद्दल का नाही लिहिलंत? फणसाड म्हटलं की मला तीच आठवते.

रानोमाळ

@समुद्रफेणी, गारंबीवर लिहायला लागलो की थांबवत नाही म्हणून राखून ठेवलं होतं :) तुम्ही विचारलंतच तर लिहितो.

गारंबी म्हणजे महावेल. कुळ आपल्या वाल-पावट्याचंच, पण खोड माणसाच्या मांडीएवढं, पिळे घातलेलं, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे खाली उभं राहून सांगता येत नाही. शेंग हातभरापेक्षा लांब, कधी कधी मीटरच्याही वर जाते. ही शेंग आपल्या शेंगांसारखी उकलत नाही. वाळली की तिचे एकेका बीचे चौकोनी तुकडे सुटून खाली पडतात, आणि दोन्ही बाजूंच्या कडा तेवढ्या वेलीला लोंबकळत राहतात, रिकाम्या चौकटीसारख्या. पावसाळ्यापूर्वी मान वर करून पाहिलंत तर अशा रिकाम्या चौकटी दिसतील.

बी तपकिरी, चपटी, गुळगुळीत, तळहातावर भरेल एवढी. कवच टणक आणि आत हवेची पोकळी, त्यामुळे ती तरंगते. पावसात ओढ्याला लागते, ओढ्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात. या जातीच्या बिया हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या आहेत. काशीदच्या वाळूत एखादी सापडली तर ती डोंगरातून आलेली असू शकते, नाहीतर कुठून कुठून वाहत आलेली.

दोन_पोरांची_आई

आमच्या धाकट्याला अशी बी हवी आहे! मागच्या वेळी वाटेवर पडलेली दिसली होती, पण सोबतच्या वाटाड्या दादांनी उचलू दिली नाही. पोरगं हिरमुसलं. पडलेलीच तर होती, एक उचलली तर काय बिघडलं, असं मलाही वाटलं होतं.

आंबेराई

ताई, दादांनी बरोबर केलं. अभयारण्यातून बी, पान, मध, लाकूड काहीही परवानगीशिवाय बाहेर न्यायचं नसतं. आणि एका मुलाने एक उचलली तर बिघडत नाही हे खरं असलं तरी सुट्टीच्या दिवसांत त्या वाटेवरून किती मुलं जातात? गारंबीच्या एवढ्या बियांतून रुजणाऱ्या आधीच थोड्या. साळिंदर, उंदीर कुरतडतात, काही सडतात.

धाकट्याला किनाऱ्यावर शोधायला लावा. तिथे वाहून आलेली बी मिळाली तर ती त्याची. शोधण्यातच त्याचा दिवस मजेत जाईल.

पशुवैद्य_रोहा

धाग्यात गिधाडांचा उल्लेख आला नाही म्हणून लिहितोय. फणसाड आणि एकूणच दक्षिण रायगड (म्हसळा, श्रीवर्धनची बाजू) पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी महत्त्वाचा. आपल्याकडे हा पक्षी माडावर, आंब्यावर, अर्जुनासारख्या उंच झाडांवर घरटं करतो. वर्षाला एकच अंडं. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंडं आणि उन्हाळा लागेपर्यंत पिल्लू घरट्यात.

१९९२ ते २००७ या काळात देशातली या जातीची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये नक्की झालं: डायक्लोफेनॅक. ताप-सुजेवर गुरांना दिलं जाणारं स्वस्त औषध. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर दगावलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर जमतो आणि पक्षी मरतो. एका मेलेल्या बैलावर अख्खा थवा उतरतो, म्हणून थोड्या विषारी मढ्यांनीही एवढा संहार झाला.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये ३ मिलीपेक्षा मोठ्या कुप्यांवर बंदी घालावी लागली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध आहे, तितकंच परिणामकारक आहे आणि सहज मिळतं. तुमच्या गोठ्यात गुरं असतील तर डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. फणसाडच्या पाहुण्यांपेक्षाही हे आजूबाजूच्या गावांसाठी लिहितोय.

दुसरी अडचण खाण्याची. कोकणात गुरं कमी झाली, मेलेलं जनावर पुरलं जातं. म्हणून काही ठिकाणी तपासलेली मढी ठरावीक जागी ठेवून गिधाडांना खायला घातलं जातं. अशा जागेच्या आसपास फिरकू नये. माणूस दिसला की पक्षी उतरत नाहीत, आणि उपाशीच उडून जातात.

लेन्सवाला

डॉक्टर, माहितीबद्दल आभार. आता एक अवघड प्रश्न विचारतो. मी पक्ष्यांचे फोटो काढतो. गिधाडाचं घरटं, घुबडाची ढोली, अशा जागा कुणीच सांगायला तयार नसतं. सगळं गुपचूप. मग नव्या माणसाने शिकायचं कसं? आणि लोकांनी पाहिलंच नाही तर त्यांना त्या पक्ष्याबद्दल आस्था कशी वाटणार? फोटोमुळेच तर लोकांना गिधाडं सुंदर वाटू लागली.

रानोमाळ

प्रश्न रास्त आहे आणि फोटोंनी जे झालं ते मी नाकारत नाही. पण घरट्याची जागा नकाशावरच्या खुणेसकट समूहावर टाकली की ती एका माणसाला सांगितलेली राहत नाही. आठवडाभरात तिथे माणसं येतात, झाडाखाली गाड्या लागतात. गिधाड घरट्यावरून उठलं की अंडं उघड्यावर, आणि कावळे तयारच असतात. वर्षातलं एकुलतं एक अंडं. वन्यजीव कायद्याने पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं शिकारीतच धरलं आहे, हे बऱ्याच फोटोवाल्यांना ठाऊक नसतं.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं हेही तसंच. विणीच्या दिवसांत नराला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला. तो घरटं सोडून धावत येतो, भांडायला कुणी सापडत नाही, पुन्हा वाजवलं की पुन्हा येतो. पिल्लांना भरवायचा त्याचा वेळ आपण आपल्या फोटोसाठी खर्च करून टाकतो.

शिकायचं असेल तर सोबत जाऊन शिका, जागा मागून नव्हे.

निवृत्त_मास्तर

लेन्सवाले, तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. सलीम अलींनी १९३० मध्ये किहीमला सुगरणींच्या वसाहतीचा अभ्यास केला. किहीम म्हणजे अलिबागच्या उत्तरेला, फणसाडहून गाडीने दीड-दोन तास. तास न् तास बसून त्यांनी जे पाहिलं ते तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नर घरटं अर्धवट विणून थांबतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तरच नर पुरं करतो. आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सगळं एका गावच्या सुगरणींनी दाखवलं. दुर्मीळ पक्षीच हवा असं काही नाही. मुरुडच्या वाडीतला सुगरणींचा माडही तेवढंच शिकवेल, आणि तिथे वाडीच्या मालकाला विचारून बसता येतं.

सुपेगावच्या_वाटेवर

मी इथलाच. सगळं वाचलं, बरं वाटलं. दोन गोष्टी आमच्या बाजूने.

नवाबाने रान राखलं हे खरं, पण राखलं ते स्वतःच्या बंदुकीसाठी. शिकारीला हाका घालायला, म्हणजे आरडाओरडा करून जनावर बंदुकीसमोर हाकलायला, गावातलीच माणसं लागायची, आणि त्याच माणसांना रानात मोकळीक नव्हती. हेही लिहिलं पाहिजे.

दुसरं वणव्याचं. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. ऐन-किंजळीची कवळं (पाल्यासकट डहाळ्या) तोडून, पातेरा (वाळका पालापाचोळा) आणि शेण पसरून जमीन भाजायची, ही जुनी रीत. रत्नागिरीकडे भाजावळ म्हणतात तीच. फेब्रुवारी-मार्चात वारा सुटला आणि नीट लक्ष नसलं की तीच आग रानात शिरते. पण गेल्या काही वर्षांत मी ज्या आगी विझवायला गेलो त्यातल्या काही रस्त्याकडेला सुरू झालेल्या. विडी-सिगरेटचं थोटूक, नाहीतर चूल मांडून तशीच सोडलेली. ते काम पाहुण्यांचं. दोन्हीकडून आग, मधे रान.

आग लागली की नुसतं गवत जळत नाही. रातवा जमिनीवरच अंडी घालतो, रानकोंबडी झुडपाखाली. ते सगळं जातं. आणि पातेरा जळाला की पावसाचं पाणी मुरत नाही, वरच्या वर वाहून जातं. मग पुढच्या मे महिन्यात गाणाला पाणी कमी. रानोमाळदादांनी गाणाचं लिहिलं म्हणून हे जोडलं. गाणाचं पाणी वरच्या डोंगरावरच्या पातेऱ्यात असतं.

रानोमाळ

@सुपेगावच्या_वाटेवर, दादा, तुमचा शेवटचा मुद्दा माझ्या लेखात असायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे. हाक्याचंही तसंच. नवाबाचा धाक, देवराईतला देवाचा धाक, आणि आताचा कायदा, तिन्हींनी रान राखलं. पण त्यातल्या देवराईची राखण तेवढी गावाने स्वतः ठरवलेली होती. वाळकी काटकीही न उचलण्याचा नियम गावानेच केला आणि गावानेच पाळला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आजही अशा कितीतरी राया उभ्या आहेत. मला वाटतं अभयारण्याभोवतीच्या गावांना रानातून काही हक्काचं मिळाल्याशिवाय नुसत्या पाट्या लावून भागणार नाही.

आंबेराई

वेळासचं बघा की. मंडणगड तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. पूर्वी कासवाची अंडी खाल्ली-विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी कुंपणात हलवायला आणि पिल्लं समुद्रात सोडायला सुरुवात केली. आता पिल्लं बघायला लोक येतात, गावातल्या घरीच राहतात, घरचं जेवतात. पैसा गावात राहतो. पिल्लं कधी सोडायची, माणसांनी किती लांब उभं राहायचं, हे तिथली माणसंच ठरवतात. लेन्सवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं: बघायला मिळतं, पण बघण्याची वेळ आणि जागा प्राण्याच्या सोयीने.

लेन्सवाला

पटलं. घरट्यांच्या जागा टाकणं मी बंद करतो. समूहावरही सांगतो, तिथे वाद होईल, पण सांगतो.

दोन_पोरांची_आई

मुलांना घेऊन जाताना शेकरू नक्की दिसावं म्हणून काय करू? आणि काय टाळू?

सुपेगावच्या_वाटेवर

ताई, सकाळी लवकर या, उघडायच्या वेळेला. शेकरू उन्हं वाढली की पानाआड आडवं होऊन पडतं, मग दिसत नाही. मान वर ठेवा, कारण ते जमिनीवर उतरायला फार नाखूश असतं. या फांदीवरून त्या फांदीवर पाच-सहा मीटरची उडी मारतं. म्हणून त्याला सलग झाडी लागते. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळात आमच्या भागात माड-पोफळींसकट झाडं आडवी झाली, तेव्हापासून जिथे वरचा मांडव तुटला तिथे ते फिरकत नाही. घरटं काटक्या-पानांचं, गोल, फांदीच्या पार टोकाला. एकाची बरीच घरटी असतात, त्यामुळे रिकामं वाटलं तरी खाली उभं राहून टाळ्या वाजवू नका.

भडक कपडे नकोत. पायात पूर्ण बूट, कारण फुरसं हा विषारी साप पातेऱ्यात दिसत नाही. हात टेकण्याआधी दगड बघायचा. माकडांना शेंगदाणे, बिस्किटं अजिबात नाहीत, मग ती माणसांच्या पिशव्या ओढायला शिकतात आणि शेवटी बागांत येऊन आमचं नुकसान करतात. खाण्याची पिशवी आत आणूच नका, पाण्याच्या बाटल्या तेवढ्या आणा आणि परत न्या.

पोरांना एक खेळ शिकवा. दहा मिनिटं गप्प बसून किती वेगळे आवाज ऐकले ते मोजायचं. भेकराचा आवाज ऐकलात तर कुत्रा भुंकला असंच वाटेल.

समुद्रफेणी

एक शेवटचं विचारते. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणी मोजतात म्हणे. सर्वसामान्य माणसाला बसता येतं का? पण मग तेही पाणवठ्याजवळच ना?

रानोमाळ

हो, पाणवठ्याजवळच. पण त्यात फरक आहे. मचाण उंचावर असतं, माणसं थोडी, सोबत वनखात्याचा माणूस, आणि एकदा चढलं की सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. बोलायचं नाही, बॅटरी लावायची नाही, अत्तर-डास पळवणाऱ्या मलमाचा वास नको. पौर्णिमेच्या उजेडात जे पाण्यावर आलं ते लिहून ठेवायचं.

वनविभाग त्यासाठी निसर्गप्रेमींकडून अर्ज मागवतो, मे महिन्याच्या आधीच चौकशी करून ठेवा. जागा कमी असतात, आणि नियम दरवर्षी तेच राहतील असं धरून चालू नका. रात्रभर न हलता, न बोलता बसणं जमेल का, याचा आधी घरी नीट विचार करा. जमणार असेल तर जरूर अर्ज करा.

समुद्रफेणी

जमेल. एप्रिलमध्येच फोन करते. @सुपेगावच्या_वाटेवर, दादा, तुमच्या गावात राहायची-जेवायची सोय कुणाकडे होते का? व्यक्तिगत निरोपात कळवाल का?

सुपेगावच्या_वाटेवर

कळवतो ताई. मासे खाता का तेवढं सांगा.